दोन डेटाबेस एकत्र आणताना: स्कीमांचे मॅपिंग आणि एकत्रीकरण टप्प्याटप्प्याने

एका संस्थेतील बिलिंगची प्रणाली जुनी आहे आणि तक्रारी नोंदवण्याची प्रणाली नंतर आलेली आहे. दोन्हींत ‘ग्राहक’ नावाचे टेबल आहे, दोन्हींत नाव, फोन, ईमेल आणि स्थिती हे कॉलम आहेत. दोन्ही एकत्र करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणते, हे दोन दिवसांचे काम आहे. ते तसे नसते. बिलिंगमधील एक ओळ म्हणजे ज्यावर बिल निघते तो करार असतो, तर तक्रारींच्या प्रणालीतील एक ओळ म्हणजे फोन करणारी व्यक्ती असते. एका व्यक्तीचे तीन करार असू शकतात आणि एका करारासंबंधी पाच वेगवेगळ्या व्यक्ती फोन करू शकतात. कॉलमांची नावे ताडून पाहणारे साधन या दोन टेबलांना जवळजवळ पैकीच्या पैकी गुण देईल, आणि त्यावर विसंबून केलेले एकत्रीकरण एकाच माणसाला तीन माणसे ठरवून मोकळे होईल.

म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: आधी ओळीचा अर्थ जुळवायचा, मग कॉलमांचा आणि मूल्यांचा, आणि हे जुळवणे (म्हणजेच मॅपिंग) दोन्ही बाजूंचे स्कीमा, म्हणजे टेबलांची व कॉलमांची रचना, बदलत राहणार आहेत असे गृहीत धरूनच लिहून ठेवायचे.

एकत्रीकरण कशासाठी, हे आधी ठरवा

‘एकत्र करणे’ या शब्दाखाली तीन निरनिराळी कामे येतात. जुनी प्रणाली बंद करून तिचा डेटा एकदाच नवीन प्रणालीत नेणे हे पहिले. दोन्ही प्रणाली चालू ठेवून त्यांच्यात सतत डेटा पोहोचवत राहणे हे दुसरे. आणि डेटा जिथल्या तिथे ठेवून फक्त वाचणाऱ्यासाठी एक समाईक चित्र उभे करणे हे तिसरे. पहिल्यात मॅपिंग एका दिशेचे असते आणि काही माहिती गळली तरी ती कोणती, हे नोंदवून पुढे जाता येते. दुसऱ्यात मॅपिंग उलट दिशेनेही चालावे लागते, त्यामुळे स्थितीसारख्या कॉलमातील तीन कोड एका कोडात बसवण्याची सोय उरत नाही.

तिसऱ्या प्रकारात आणखी एक निवड करावी लागते. समाईक स्कीमातील प्रत्येक टेबल हे मूळ प्रणालींवरील क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) म्हणून लिहिता येते. या पद्धतीला ग्लोबल-ॲज-व्ह्यू म्हणतात. उलट, प्रत्येक मूळ टेबलाचे वर्णन समाईक स्कीमाच्या भाषेत करता येते. ती लोकल-ॲज-व्ह्यू पद्धत. पहिल्या पद्धतीत क्वेरीला उत्तर देणे सरळ असते, पण नवीन प्रणाली जोडताना आधी लिहिलेल्या व्याख्या पुन्हा उघडाव्या लागतात. दुसरीत नवीन प्रणालीचे वर्णन शेजारी लिहून ठेवले की भागते, मात्र क्वेरीचे पुनर्लेखन अवघड होते. दोन-चार स्थिर प्रणाली असतील तर मी बेलाशक पहिली पद्धत निवडतो, कारण ती साध्या व्ह्यूंनी (टेबलासारख्या वाचता येणाऱ्या, साठवून ठेवलेल्या क्वेरींनी) करता येते आणि रात्री काही बिघडले तर कोणालाही वाचून समजते.

काय काय आहे याची यादी

टेबलांची, कॉलमांची आणि बंधनांची यादी हाताने करू नये. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९२ च्या मानकापासून ही यादी देणारी इन्फर्मेशन स्कीमा नावाची व्यवस्था आहे आणि पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरांत ती मिळते. ओरॅकलमध्ये हेच काम त्याच्या स्वतःच्या डेटा डिक्शनरीतून होते. ही यादी अर्ध्या तासात निघते, पण ती अपुरी असते. ज्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम) डेटाबेसमध्ये जाहीर केलेल्याच नाहीत आणि फक्त प्रोग्रामच्या कोडमध्ये पाळल्या जातात, ट्रिगरमधून (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमधून) ज्या कॉलमांत परस्पर मूल्ये भरली जातात, आणि महिन्याच्या शेवटी जो अहवाल थेट टेबल वाचून तयार होतो, त्या सर्वांचा शोध क्वेरींच्या लॉगमधून आणि माणसांना विचारूनच लागतो. प्रत्येक टेबलापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: यात कोण लिहिते आणि यातून कोण वाचते. पुढे स्कीमा बदलताना हीच यादी सर्वांत आधी उघडली जाते.

प्रत्येक टेबलासाठी एक वाक्य

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये टेबलांवर आधारलेल्या डेटाबेसचे रिलेशनल मॉडेल मांडले, तेव्हापासून टेबलातील ओळ म्हणजे एक विधान, ही दृष्टी आपल्याला उपलब्ध आहे. तिचा व्यवहारातील उपयोग असा: प्रत्येक टेबलासाठी कॉलमांची नावे घालून एक पूर्ण वाक्य लिहावे. ‘करार क्रमांक अमुक हा तमुक तारखेपासून अमुक दराने चालू आहे आणि त्याचे बिल तमुक नावाने निघते.’ ‘तमुक फोन क्रमांकावरून अमुक नाव सांगणाऱ्या व्यक्तीने किमान एकदा संपर्क साधला आहे.’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की ‘ग्राहक’ या समान नावाखालची दरी बैठकीतील प्रत्येकाला दिसते, आणि समाईक स्कीमात ‘व्यक्ती’, ‘करार’ आणि त्यांना जोडणारे ‘कराराशी व्यक्तीचे नाते’ अशी तीन टेबले लागतील हेही आपोआप सुचते.

वाक्य लिहून झाल्यावर ते डेटावर तपासावे. एका करारासाठी एकच ओळ असते असे वाक्य सांगत असेल, तर एकूण ओळी आणि करार क्रमांकाची वेगवेगळी मूल्ये यांची संख्या सारखी यायला हवी. ती सारखी आली नाही तर कदाचित दर बदलला की नवीन ओळ घातली जात असेल, म्हणजे टेबल प्रत्यक्षात कराराचे नसून कराराच्या आवृत्तीचे असेल. हा फरक इथे सापडला तर एक वाक्य बदलावे लागते. डेटा हलवल्यानंतर सापडला तर सगळे बेरीज करणारे अहवाल बदलावे लागतात.

मूल्यांची पाहणी

आता प्रत्येक कॉलमाची पाहणी करावी: किती ओळींत तो रिकामा आहे, किती वेगवेगळी मूल्ये आहेत, सर्वांत लहान व सर्वांत मोठे मूल्य कोणते, आणि सर्वाधिक वेळा येणारी वीस मूल्ये कोणती. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त माहिती देतो. जन्मतारखांमध्ये १ जानेवारी १९०० ही तारीख हजारो वेळा आली, तर ती ‘माहीत नाही’ या अर्थाने भरलेली आहे. फोनच्या कॉलमात दहा शून्ये पहिल्या क्रमांकावर असतील, तर कोणत्या तरी फॉर्मने तो रकाना सक्तीचा केला होता.

रिकाम्या मूल्याचाही अर्थ एकच नसतो. समाप्तीची तारीख रिकामी आहे याचा अर्थ करार अजून चालू आहे, की तारीख कोणी भरली नाही, की अशा प्रकारच्या कराराला समाप्ती लागूच होत नाही, हे तिन्ही एकाच कॉलमात नांदत असू शकतात. त्यातच ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला (शून्य अक्षरांच्या मजकुराला) नल, म्हणजे मूल्यच नाही, असे मानतो आणि पोस्टग्रेसक्यूएल मानत नाही, त्यामुळे एका बाजूने नेलेला डेटा दुसऱ्या बाजूला वेगळाच वागतो.

एककांचे प्रश्नही इथेच पकडायचे असतात. रक्कम एका बाजूला दोन दशांश स्थळांसह आणि दुसऱ्या बाजूला चलनाच्या सर्वांत लहान एककातील पूर्णांक म्हणून साठवलेली असेल, तर दोन्ही कॉलम अंकांचेच असतात आणि डेटा टाइपवरून काहीही कळत नाही. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावले गेले ते याच जातीच्या चुकीमुळे: जमिनीवरील एका सॉफ्टवेअरने आवेग पाउंड-सेकंदांत दिला आणि तो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने न्यूटन-सेकंद समजून वापरला. म्हणून समाईक स्कीमातील कॉलमाच्या नावातच एकक लिहावे, ‘वजन’ऐवजी ‘वजन_किलो’ असे. वेळेच्या बाबतीत तर, मूळ कॉलमात स्थानिक वेळ आहे की यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, हे लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये. ज्या प्रदेशांत वर्षातून दोनदा घड्याळे बदलतात तिथे स्थानिक वेळेतील एक तास दोनदा येतो आणि त्या तासातील नोंदींचा क्रम नंतर कोणालाही ठरवता येत नाही.

मॅपिंगचा तक्ता

जुळण्या सुचवणारी साधने आहेत आणि ती वापरावीत. एरहार्ड राम आणि फिलिप बर्नस्टाइन यांनी २००१ मध्ये अशा पद्धतींचे जे वर्गीकरण केले ते आजही उपयोगी आहे: काही पद्धती नाव, प्रकार आणि रचना यांसारख्या स्कीमातील खुणा पाहतात, काही प्रत्यक्ष मूल्ये पाहतात, आणि चांगली साधने दोन्हींची सांगड घालतात. मात्र साधनाने सुचवलेली प्रत्येक जुळणी माणसाने स्वीकारावी किंवा नाकारावी, आणि नाकारलेली जुळणीही कारणासह लिहून ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी नवीन आलेला सहकारी तीच पुन्हा सुचवतो.

तक्त्यातील एका ओळीत मूळ कॉलम, लक्ष्य कॉलम, कोणत्या ओळींना ही जुळणी लागू आहे ती अट, रूपांतराचा नियम, मूल्य नसल्यास काय करायचे, काय गळते, आणि अर्थ कोणी व कधी मान्य केला, एवढे असावे. यांपैकी ‘काय गळते’ हा रकाना लोक टाळतात, आणि वाद नेमके त्याच्यावरूनच होतात.

स्थितीच्या कॉलमाचे उदाहरण जवळून पाहू. बिलिंगमध्ये स्थितीचे चार कोड आहेत: चालू, थांबवलेला, थकबाकीमुळे बंद आणि ग्राहकाच्या विनंतीवरून बंद. तक्रारींच्या प्रणालीत दोनच आहेत: सक्रिय आणि निष्क्रिय. शेवटचे दोन कोड ‘निष्क्रिय’मध्ये जातात हे उघड आहे, पण ‘थांबवलेला’ कुठे जाईल? बिलिंगच्या दृष्टीने त्याला बिल जात नाही, म्हणून तो निष्क्रिय. तक्रारींच्या दृष्टीने त्या ग्राहकाचा फोन घ्यावाच लागतो, म्हणून तो सक्रिय. याचे खरे उत्तर असे की तक्रारींच्या प्रणालीतील ‘स्थिती’ हा कॉलम कराराची स्थिती सांगतच नाही, सेवा द्यायची की नाही एवढेच सांगतो. समाईक स्कीमात मग ‘करार_स्थिती’ आणि ‘सेवा_द्यावी’ असे दोन कॉलम होतात, आणि दुसरा पहिल्यावरून काढण्याचा नियम तक्त्यात लिहिला जातो.

यादीत नसलेला कोड आला तर काय, याचे उत्तर माझ्याकडून एकदा चुकले होते. अनोळखी कोडसाठी मी ‘चालू’ हे गृहीत मूल्य ठेवले होते. नंतर मूळ प्रणालीत पाचवा कोड आला, ज्याचा अर्थ ‘वादामुळे स्थगित’ असा होता, आणि तसे सगळे करार आमच्या बाजूला मुकाट्याने चालू होऊन त्यांना बिले गेली. तेव्हापासून अनोळखी मूल्याची ओळ मी वेगळ्या टेबलात अडवून ठेवतो आणि ती अडली की कोणाला तरी कळेल अशी व्यवस्था करतो. एक दिवस अडलेली ओळ चुकीच्या ओळीपेक्षा फार स्वस्त पडते.

हीच ती व्यक्ती आहे का?

दोन प्रणालींत समान की, म्हणजे नोंद ओळखणारा समाईक क्रमांक, नसेल तर नोंदी जुळवणे हे स्वतंत्र काम होते. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये त्याची संभाव्यतेवर आधारलेली मांडणी केली. तिच्यातील व्यवहारोपयोगी गोष्ट म्हणजे निर्णय तीन प्रकारचे असतात: जुळते, जुळत नाही, आणि माणसाने पाहावे. हा तिसरा प्रकार वगळून एकच सीमारेषा आखण्याचा मोह होतो, पण त्यामुळे चुका नाहीशा होत नाहीत, त्या दिसेनाशा होतात.

प्रत्येक नोंद दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक नोंदीशी ताडणे शक्य नसते; दोन्हींकडे १-१ लाख नोंदी असतील तर जोड्या १,००० कोटी होतात. म्हणून पिन कोड किंवा फोनचे शेवटचे काही अंक यांवरून आधी गट पाडावेत आणि गटातल्या गटातच तुलना करावी. एकाच निकषावर गट पाडल्यास तो रकाना चुकलेल्या नोंदी कायमच्या सुटतात, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या निकषांवर फेऱ्या कराव्यात. तुलनेपूर्वी मजकूर एकसारखा करणे आवश्यक आहे, आणि देवनागरीत त्याची एक खास खोच आहे: ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, तुलनेत मात्र वेगळी ठरतात. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात सर्व मजकूर आणला की हा घोळ मिटतो.

जुळलेल्या नोंदी एकमेकींत विरघळवून टाकू नयेत. प्रत्येक व्यक्तीला नवीन, अर्थविरहित ओळखक्रमांक द्यावा आणि ‘बिलिंगमधील अमुक क्रमांक व तक्रारींमधील तमुक क्रमांक हे या व्यक्तीचे’ असे सांगणारे जोड-टेबल ठेवावे. त्यात जुळणी कोणत्या नियमाने आणि कधी झाली हेही असावे. कारण चुकीची जुळणी कधी ना कधी सापडतेच, आणि तेव्हा ती सोडवता आली पाहिजे. विशेषतः साखळीपासून सावध राहावे: पहिली नोंद दुसरीशी ईमेलवरून जुळते, दुसरी तिसरीशी कार्यालयाच्या सामायिक फोनवरून जुळते, आणि असे करत करत एका कार्यालयातील चाळीस जण एक व्यक्ती होऊन बसतात. जोड-टेबलात एका व्यक्तीकडे किती नोंदी आहेत ते उतरत्या क्रमाने पाहिले की असे गठ्ठे वरच सापडतात.

व्यक्ती एक ठरली तरी तिचे दोन वेगळे फोन उरतात. कोणता खरा मानायचा, हे प्रणालीनुसार न ठरवता कॉलमनुसार ठरवावे: बिलाचा पत्ता बिलिंगकडून, संपर्काचा फोन तक्रारींकडून, कारण ज्या प्रणालीचे काम त्या मूल्यावाचून अडते तीच ते जपते.

चालू प्रणालीत बदल कसा आणावा

स्कीमा बदलणे हा अपवाद नसतो. विकिपीडियामागील मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या स्कीमाच्या, संशोधकांच्या मोजणीप्रमाणे, साडेचार वर्षांच्या सुमारास १७० हून अधिक आवृत्त्या झाल्या होत्या. त्यांतील २००५ सालच्या १.५ या आवृत्तीतील बदल मोठा होता: तोवर लेखांचा चालू मजकूर एका टेबलात आणि जुन्या आवृत्त्या दुसऱ्या टेबलात असत, त्याजागी पान, आवृत्ती आणि मजकूर अशी तीन टेबले आली. ओळीचा अर्थच बदलणारा असा बदल एका झटक्यात करण्याऐवजी आधी विस्तार आणि शेवटी छाटणी या क्रमाने केलेला बरा.

आपल्या उदाहरणात बिलिंगच्या ‘ग्राहक’ टेबलातून ‘व्यक्ती’ वेगळी काढायची आहे. प्रथम नवीन टेबल आणि जुन्या टेबलात रिकामा चालणारा ‘व्यक्ती_क्रमांक’ हा कॉलम जोडावा. मोठ्या टेबलावर कॉलम जोडताना त्या डेटाबेसची सवय माहीत हवी. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून स्थिर डिफॉल्ट मूल्यासह कॉलम जोडताना संपूर्ण टेबल पुन्हा लिहिले जात नाही, त्याआधी लिहिले जाई. यानंतर प्रोग्राम असा बदलावा की प्रत्येक नवीन नोंद जुन्या व नवीन दोन्ही जागी, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होईल नाहीतर अजिबात होणार नाही अशा एका व्यवहारात) लिहिली जाईल. मगच जुन्या नोंदी काही हजारांच्या तुकड्यांत नवीन टेबलात भराव्यात. हा क्रम उलटा केला तर भरणे संपल्यापासून दुहेरी लेखन सुरू होईपर्यंतच्या नोंदी निसटतात. भरतानाही, नवीन जागी आधीच मूल्य असेल तर त्याला हात लावू नये, अन्यथा सकाळी दुरुस्त केलेला फोन दुपारी जुन्या फोनने पुसला जाईल.

पुढे वाचन हळूहळू नवीन टेबलाकडे वळवावे, आणि ज्यांचा कोड आपल्या हातात नाही त्यांच्यासाठी जुन्या टेबलाच्या आकाराचा एक व्ह्यू ठेवावा. दोन प्रणालींत सतत डेटा न्यायचा असेल तर ‘शेवटचा बदल’ या वेळेच्या कॉलमावरून बदललेल्या ओळी उचलण्याची पद्धत सोपी वाटते, पण तिला दोन भोके आहेत. काढून टाकलेली ओळ तिला दिसतच नाही; आणि लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमधील ओळीवर सुरुवातीची वेळ पडलेली असते, ती कमिट होईपर्यंत (म्हणजे पक्की होऊन इतरांना दिसेपर्यंत) आपण त्या वेळेच्या पुढे निघून गेलेलो असतो. डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन लॉगमधून (प्रत्येक बदलाच्या क्रमवार नोंदीतून) बदल वाचणारी डेबेझियमसारखी साधने या दोन्हींतून सोडवतात.

पडताळणी आणि छाटणी

ओळींची संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. दहा ओळी गळून दहा दुबार आल्या तरी संख्या जुळते. दोन्ही दिशांनी ‘इकडे आहे, तिकडे नाही’ अशी क्वेरी चालवावी, रकमांच्या बेरजा महिना व स्थिती यांच्या गटांनुसार शेवटच्या अंकापर्यंत ताडाव्यात, आणि काही ओळी नवीन रूपातून परत जुन्या रूपात नेऊन मूळ ओळींशी ताडून पाहाव्यात. या क्वेरी मॅपिंगच्या तक्त्यासह आवृत्ती-नियंत्रणात ठेवाव्यात आणि रोज आपोआप चालवाव्यात, म्हणजे मूळ प्रणालीने न कळवता केलेला बदल दुसऱ्या दिवशी सकाळी समजतो.

जुने कॉलम काढण्याची घाई करू नये. लॉगमध्ये महिनाभर कोणी वाचले नाही हा पुरावा कच्चा असतो, कारण वार्षिक अहवाल वर्षातून एकदाच ते टेबल उघडतो. एक वर्षअखेर जाऊ द्यावी. त्यानंतरही थेट काढून टाकण्याआधी त्या कॉलमांवरील वाचण्याची परवानगी तेवढी काढून घ्यावी आणि काही आठवडे थांबावे. यादीत नाव नसलेला एखादा वाचक असेलच, तर त्याचा फोन त्या आठवड्यांत येतो, आणि परवानगी परत द्यायला एक मिनिट लागतो.